रात्रीचं पाणी, सकाळचं न्हाणं

निफाडकडची थंडी ठाऊक आहे ना? तिथे हिवाळ्यात पारा कधी कधी ५ अंशांच्याही खाली उतरतो. अशाच थंडीत तिकडच्या एका गावात आमचा रात्रीचा वर्ग चालू होता. पाटीवर अक्षर गिरवता गिरवता एक सूनबाई पेंगू लागल्या. पेन्सिल हातातून गळून पडली. बाया हसल्या.

आम्ही विचारलं, "काय ताई, झोप झाली नाही का?"

त्यांच्या सासूबाई शेजारीच बसल्या होत्या. गाव त्यांना आजी म्हणतो. त्याच बोलल्या, "कुठली झोप, गुरुजी? चारला उठती ती. मागल्या दारी चूल पेटवायची, सहा माणसांचं पाणी तापवायचं. वाऱ्यानं जाळ धड लागत न्हाई. धूर समदा डोळ्यात. आन् शेवटचं माणूस न्हायला बसंस्तोवर पाणी निवतंय. की पुन्हा जाळ घाला!"

घरात गॅस होता. पुष्कळ घरांत आता तो आला आहे. पण हंडाभर पाणी गॅसवर तापवायला कोणाचं मन धजत नाही. न्हाण्याचं पाणी अजून सरपणावरच तापतं.

त्या रात्री आम्ही पाटीवर हिशोब मांडला. हंड्यात २० लिटर पाणी आहे. ते साधारण १५ अंशांवरून ६५ अंशांवर न्यायचं आहे. आपली साधी चूल लाकडातली साधारण दहाव्या हिश्श्याची उष्णता भांड्याला देते. बाकीची धुरात आणि वाऱ्यात जाते. म्हणजे एका हंड्याला अडीच ते तीन किलो वाळलेलं लाकूड लागतं. ते निवल्यावर पुन्हा तापवलं, तर पुन्हा जळण. ती मोळी कोणाच्या डोक्यावरून येते, हे सांगायला नकोच.

मग प्रश्न असा, की एकदा तापलेलं पाणी तापलेलंच कसं राहील?

आधी पाणी का निवतं ते पाहू. उघड्या हंड्यातून वाफ निघते. ही वाफ म्हणजे पळून जाणारी ऊब. सर्वांत जास्त ऊब तिथूनच जाते. हंडा तांब्याचा असो की पितळेचा, धातूतून उष्णता चटकन बाहेर येते, आणि बाहेरचा वारा ती घेऊन जातो. राहिलेली बुडाखालची फरशी ओढून घेते. म्हणून घंगाळातलं पाणी सर्वांत लवकर निवतं. त्याचं तोंड पसरट असतं. हंड्याचं तोंड आवळ असतं, हे त्याचं बरं आहे.

आता गोधडीचं घ्या. गोधडी गरम असते का? धोंड्यावर गोधडी घाला. सकाळी धोंडा गारच असेल. गोधडी ऊब करत नाही, असलेली राखते. तिच्या थरांत हवा अडकून बसते. ती हलत नाही, म्हणून उष्णता तिच्यातून सहज जात नाही. बर्फवाला बर्फ लाकडाच्या भुशात पुरून ठेवतो, तेही याचसाठी. तिथे बाहेरची उष्णता आत येऊ द्यायची नसते. आपल्याला आतली बाहेर जाऊ द्यायची नाही. काम एकच.

दुसऱ्या दिवशी आजींच्या घरी आम्ही प्रयोग केला. पहिली रात्र फसली, हे आधीच कबूल करतो. हंड्याला तरटाचे चार वेढे दिले, तोंडावर ताटली ठेवली, आणि हंडा फरशीवर ठेवून दिला. सकाळी पाणी जेमतेम कोमट. आजी म्हणाल्या, "आंगावर घोंगडी घातली, पर निजवलं कुठं? फरशीवर!" आजींचं खरं होतं. बूड आम्ही विसरलो होतो. झाकणाचंही फारसं मनावर घेतलं नव्हतं.

मग एक मोठा हारा घेतला. हंडा आत ठेवला, की चहूबाजूंनी चांगली चार बोटं जागा राहील एवढा. पोत्यात भाताचं तूस भरून वीतभर जाडीची गादी केली आणि ती हाऱ्याच्या तळाशी घातली. तिच्यावर हंडा. भोवतीच्या जागेत गव्हाचा वाळलेला भुसा भरला. भुसा भरताना पोकळी राहू देऊ नये, पण ठेचूनही भरू नये. ठेचला तर आतली हवा निघून जाते, आणि हवाच तर आपल्याला हवी आहे. तोंडावर घट्ट बसणारं लाकडी झाकण केलं. त्यावर जुन्या वाकळीची चौपदरी घडी. हारा पडवीच्या कोपऱ्यात, वाऱ्याच्या आडोशाला ठेवला.

हा हंडा चुलीवर चढवायचा नाही. तो हाऱ्यातच राहतो. एक तर वीस लिटर कढत पाण्याचा हंडा उचलून नेणं जिवावरचं काम. दुसरं, बुडाला चिकटून एखादा निखारा भुशात गेला तर पडवी पेटेल. म्हणून पाणी छोट्या तपेलीत तापवावं आणि बेताबेतानं हंड्यात ओतावं. त्या वेळी पोरं जवळ नकोत. हाराही चुलीपासून लांबच ठेवावा.

पाणी तापवायला चार वाजताचा मुहूर्त लागत नाही. रात्री भाकरी झाल्या, की चुलीत विस्तव उरतोच. त्याच्यावर तपेली चढवली. थोडं सरपण लागलं, पण चूल आधीच तापलेली होती, म्हणून बेतानंच. हंडा काठोकाठ भरला. भरलेला हंडा उशिरा निवतो, अर्धा लवकर.

सकाळी सहाला आजींनी वाकळ काढली, झाकण उचललं आणि हात मागे घेतला. "भाजतंय की!" पाण्यात जवळजवळ तितकंच थंड पाणी मिसळावं लागलं. तिघांची अंघोळ एका हंड्यात झाली. सूनबाई त्या दिवशी साडेपाचला उठल्या.

पाणी असं कढत राहतं, म्हणून एक सवय लावून घ्या. बादलीत आधी थंड पाणी, मग कढत. उलटं करू नका. मूल कढत पाण्यात हात घालतं. तान्ह्या बाळाचं पाणी कोपर बुडवून पाहावं. हाताच्या तळव्याला सवय झालेली असते, त्याला नीट कळत नाही.

यात नवं काही नाही. दुसऱ्या महायुद्धात, १९३९ ते १९४५ या काळात, इंग्लंडात जळणाची टंचाई होती. तिथल्या बाया कढ आलेलं भांडं वाळल्या गवताच्या पेटीत ठेवून त्यात अन्न शिजवून घेत. घरावर सूर्यबंब असतो ना, त्याच्या टाकीलाही असाच जाड थर असतो. तो बाहेरून दिसत नाही, एवढंच.

आता हाऱ्याची निगा. भुसा ओला झाला की त्याचं काम संपलं. ओल्या भुशातून उष्णता झरझर जाते. म्हणून पाणी सांडू नये. हारा उघड्यावर असेल तर दंवापासून जपावं, वरून प्लास्टिकचा कागद घालावा. आठ-दहा दिवसांनी भुसा काढून उन्हात वाळवावा. उबेला उंदीर येतात, विंचूही येतो. तेव्हा भुशात हात घालण्याआधी काठीनं ढवळून पाहावं. हंड्यातलं उरलेलं पाणी रोज काढून टाकावं आणि हंडा घासावा.

एका हंड्यानं सहा जणांचं भागत नाही. आजींनी दुसरा हारा विणायला सांगितला आहे. सांगताना बुरडाला बजावलं, "हंड्याच्या मापाचा नगं. चार बोटं वाढीव धर. भुशाला जागा पायजे."