जावयाचा गळ

अगं, फ्लाय फिशिंगचा संच घेऊ का म्हणून विचारलंस. घे की, पण जावईबापू तो टाकणार कुठे? पुण्यात बसून ते जे व्हिडिओ बघतात ते तीर्थन नदीचे, नाहीतर काश्मीरचे. तिथलं पाणी थंड, उथळ, आणि मासा ट्राउट, इंग्रजांनी शंभराहून जास्त वर्षांपूर्वी आणून सोडलेला. इथे सुट्टीत ते उभे राहणार दिवेआगरच्या पुळणीवर, फार तर शेखाडीच्या खडपावर. पाणी बदललं की गळही बदलतो, एवढं धरून दुकानात जा.

फ्लायची गंमत अशी की टोकाला शिसं नसतंच. पिसं-धागे बांधलेली ती खोटी माशी वजनाने काहीच नाही. तिला पुढे नेते ती जाड, वजनदार दोरी, चाबकासारखी मागेपुढे फिरवून. म्हणून काठीवर आकडा असतो आणि दोरीवरही, दोन्ही जुळावे लागतात. ट्राउटला पाच नंबर पुरे, समुद्राला निदान आठ. आणि दुपारी पश्चिमेचा वारा थेट तोंडावर आला की नवख्याची दोरी त्याच्याच टोपीत येऊन अडकायची. पुन्हा आठ नंबरचं, खाऱ्या पाण्यात टिकणारं सामान स्वस्तात मिळत नाही. तू बाजूला काढलेस तीन हजार. तेवढ्यात जे मिळेल ते चार सुट्ट्यांनंतर माळ्यावर जाईल, हे मी आत्ताच लिहून देते.

त्यापेक्षा साधी स्पिनिंगची काठी घे, आठ-नऊ फुटी. कार्बनची हलकी असते, हातात छान वाटते, पण खडपावर आपटली की चरा जातो आणि मग ऐन वेळी मोडते. पहिली काठी फायबरग्लासचीच बरी. एकात एक सरकणारी नको, सांध्यात वाळू गेली की ती ना उघडत ना मिटत. दोन-तीन तुकड्यांची घे, एसटीतही मावते. रीळ तीन ते चार हजार नंबरचं. ही किंमत नव्हे हं, आकार. दुकानदार म्हणाला तर दचकू नकोस. त्यावर पस्तीस शतांश मिलिमीटरचं तंगूस. काठी-रिळाची तयार जोडी मिळते, ती सुटी घेण्यापेक्षा स्वस्त पडते. त्यात दोन हजारांच्या वर जाऊ नकोस.

उरलेले पैसे मात्र कंजुषी न करता किडुकमिडुकावर घाल. खरा खेळ तिथेच आहे. लहान-मोठे गळ मूठभर, कारण खडपात ते अडकणारच. शिसं वेगवेगळ्या वजनांचं. लांब नाकाची पक्कड तर हवीच हवी: शिंगाळा लागला आणि हाताने सोडवायला गेले, तर त्याचा काटा असा ठणकतो की सुट्टी दवाखान्यात. खोटी आमिषं दोनच पुरेत, माशाच्या आकाराची. जिताडा आणि तांबोशी त्यावर झडप घालतात. पण पहिल्या दिवशी कोळंबीच लावायला सांग. ती भरडखोलहून येते, माझ्याकडे लागली.

घरी आल्यावर काठी आणि रीळ गोड्या पाण्याने धुवायचं, दरवेळी. जोरात नळाखाली नको, पाणी आत मीठ ढकलतं; नुसतं शिंपडून पुसायचं. हे काम त्यांचं, तुझं नाही. लग्नाला सहा वर्षं झाली तरी हे सांगावं लागतं!

भरतीचं ॲप नको, आपलं जुनं गणित शिकव. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते: चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या. थोडं मागेपुढे होतं. भरती चढत असताना मासा काठाला येतो, तेव्हा गळ टाकायचा. खडपावर मात्र पाणी चढायला लागलं की परतीची वाट आधी बघून ठेवायची. आणि जून-जुलैत हा खेळ बंद, त्या समुद्राशी मस्ती नको.

हे सगळं करूनही त्यांना फ्लायच हवी असेल, तर पुढच्या वाढदिवसाला तीर्थनची सहल काढा. तिथे संच भाड्याने घ्यायचा, शिकवायला माणूस धरायचा, मग आवडलं तर विकत. आत्ता काठी घेताना बिल तेवढं जपून ठेव, आणि रिळाचा दांडा डावीकडे-उजवीकडे बदलता येतो ना, तो दुकानातच फिरवून बघ. जावईबापू डावखुरे आहेत.