विजेवरची गाडी आणि बॅटरीचे मोल

पेट्रोलच्या गाडीत इंजिनाला जे महत्त्व असते, ते विजेवरच्या गाडीत बॅटरीला असते. विजेवर फिरणारी मोटर ही लहान, साधी आणि सहसा न बिघडणारी वस्तू आहे. खरा खर्च होतो तो वीज साठवून ठेवण्यावर. म्हणूनच ही गाडी सर्वसामान्यांच्या आवाक्यात येण्याची कथा मुख्यतः बॅटरीची कथा आहे.

भारतात २००१ साली बंगळूरमध्ये 'रेवा' नावाची छोटी गाडी विक्रीस आली. चेतन मैनी यांनी त्यासाठी पुढाकार घेतला होता. पुढे दोन प्रौढ आणि मागे जेमतेम दोन मुले, एवढीच तिच्यात जागा! बॅटरी शिसे व आम्ल यांची, म्हणजे घरगुती इन्व्हर्टरला असते त्याच जातीची आणि तशीच अवजड. एकदा चार्ज केली की गाडी सुमारे ८० किलोमीटर धावे. लंडनच्या रस्त्यांवर तिला गिऱ्हाईक मिळाले, मायदेशी मात्र फारसे मिळाले नाही. तरीही तिला अयशस्वी म्हणून निकालात काढणे अन्यायाचे होईल. कल्पना योग्य होती, बॅटरी तिच्या तोडीची नव्हती.

ती उणीव लिथियम-आयन बॅटरीने भरून काढली. तेवढ्याच वजनात ही बॅटरी कितीतरी पट वीज साठवते. १९९१ पासून ती बाजारात होती आणि पुढे मोबाइल फोनमुळे घरोघरी पोचली. परंतु गाडीएवढ्या आकारात ती परवडत नसे. २०१० नंतरच्या सुमारे दीड दशकात तिची किंमत जवळजवळ नऊ-दशांशाने उतरली. २०१९ साली विजेवरच्या वाहनांवरील वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. सप्टेंबर २०२२ मध्ये टाटांची 'टियागो' विजेवर आली, तेव्हा तिची सुरुवातीची किंमत ८ लाख ४९ हजार रुपये होती.

पेट्रोलची टियागो हिच्याहून बरीच स्वस्त होती. मग परवडते कोणाला? समजा, दोन गाड्यांच्या किमतीत तीन लाखांचा फरक आहे. पेट्रोलला किलोमीटरमागे सहा रुपये आणि घरच्या विजेला एक रुपया लागतो असे धरले, तर हा फरक भरून येण्यास ६०,००० किलोमीटर धावावे लागेल. रोज ५० किलोमीटर गाडी चालवणाऱ्यास त्यासाठी सव्वातीन वर्षे पुरतात; रोज दहाच किलोमीटर जाणाऱ्यास सोळा वर्षे लागतात. विजेवरची गाडी स्वस्त ठरते ती भरपूर वापरणाऱ्याला, दारात शोभेसाठी ठेवणाऱ्याला नव्हे.

२०२४ साली एमजी कंपनीने 'कॉमेट' ही गाडी बॅटरीवाचून ४ लाख ९९ हजारांना देऊ केली. बॅटरीचे भाडे किलोमीटरमागे अडीच रुपये आणि विजेचा खर्च वेगळा.

या साऱ्या हिशेबात घरची वीज गृहीत धरलेली आहे. ज्याची गाडी चाळीबाहेर रस्त्याच्या कडेला उभी राहते, त्याला सार्वजनिक केंद्रावर चढ्या दराने वीज घ्यावी लागते. त्याला हे गणित नव्याने मांडावे लागेल.