आधी मोजावं, मग खोलावं

गाडी सेल्फवर सुरू होते आणि किल्ली सोडली की लगेच बंद पडते, असं तू फोनवर सांगितलंस आणि त्याच दमात नवा कार्ब्युरेटर मागवतोय म्हणालास. मागवू नकोस. तुझ्या 1970 च्या डॉज चॅलेंजरचं बॉनेट उघड आणि इंजिनामागच्या पत्र्याच्या भिंतीवर बोटभर लांबीचा पांढरा चिनीमातीचा तुकडा शोध. तो बॅलास्ट रेझिस्टर. सेल्फ फिरत असतो तोवर कॉइलला बॅटरीचे पुरते व्होल्ट थेट मिळतात. किल्ली परत आली की तोच करंट या तुकड्यातून जातो, म्हणजे कॉइल आणि पॉईंट जळत नाहीत. आतली तार तुटली की गाडी तू म्हणतोस अगदी तशीच वागते. किल्ली बंद करून वायरी काढ, मीटर ओहमवर लाव. अर्धा-एक ओहम आला तर तुकडा शाबूत, काटा हललाच नाही तर तो गेला. शाबूत निघाला तर मग किल्लीच्या स्विचकडे जा. किरकोळ किमतीची वस्तू आहे. दोन आण, एक बसव, दुसरी डॅशबोर्डच्या खणात ठेव. जुन्या क्रायस्लरवाल्यांच्या खणात ती असतेच. आणि चालू गाडीत तिला हात लावू नकोस, चांगलीच तापलेली असते.

आधी मोजायचं, मग खोलायचं हा क्रम मी डेट्रॉइटला आल्यावर शिकलो नाही, तो कुर्ल्याहून बरोबर आणला. वालचंद हिराचंदांनी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स काढली, ती क्रायस्लरशी करार करून, आणि कुर्ल्याच्या कारखान्यात डॉज, प्लिमथ, डिसोटो जोडल्या जायच्या. त्या गाड्यांवर हात बसलेले एक मिस्त्री माझ्या वडिलांच्या ओळखीचे होते. शिकाऊ पोराच्या हातात ते लगेच पाना देत नसत. आधी बॅटरी, मग करंट, मग पेट्रोल, मग हवा, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन गोष्टी एकदम बदलल्यास आणि गाडी सुरू झाली, तर नेमकं काय बिघडलं होतं ते तुला कधीच कळणार नाही, आणि एक चांगला भाग कचऱ्यात जाईल. आज तर हे जास्तच खरं आहे. नवीन म्हणून डब्यात येणारे पॉईंट आणि कंडेन्सर पुष्कळदा काढलेल्या जुन्यापेक्षा हलके निघतात. चालणारा जुना भाग पिशवीत घालून, तारीख लिहून जपून ठेव.

बॅटरी उभ्या गाडीत 12.6 व्होल्ट दाखवायला हवी, इंजिन चालू असताना साधारण 13.8 ते 14.5. बॅटरी भरलेली असूनही सेल्फ जड फिरत असेल तर अर्थिंग तपास. मीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्ह टोकाला, दुसरी इंजिनाच्या उघड्या लोखंडाला लाव आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांग. पाव व्होल्टाहून जास्त आलं तर मधे कुठेतरी करंट अडतोय. रिस्टोअर केलेल्या गाडीत हे हमखास सापडतं: रंग चकचकीत मारलेला असतो आणि अर्थिंगची पट्टी त्याच रंगावर आवळलेली असते. तेवढी जागा खरवडून लोखंड उघडं कर.

आता ज्याची मला खरी काळजी वाटते ते सांगतो. या गाड्यांमध्ये चार्जिंगचा सगळा करंट इंजिनाच्या बाजूने एका मोठ्या प्लगमधून केबिनमध्ये शिरतो, डॅशबोर्डमधल्या ॲमीटरमधून फिरतो आणि त्याच वाटेने परत येतो. पन्नासेक वर्षांत प्लगमधली पितळी टोकं काळवंडतात, सैल होतात, तापतात आणि भोवतीचं प्लास्टिक वितळायला लागतं. बॅटरीची तार आधी काढ, मग तो प्लग सोडवून उजेडात बघ. ॲमीटरच्या जाड लाल आणि काळ्या वायरीपाशी प्लास्टिक तपकिरी झालेलं दिसलं तर ती टोकं बदलल्याशिवाय गाडी बाहेर काढायची नाही. मोठा अल्टरनेटर किंवा ताकदीचे दिवे लावायचा विचार असेल तर आधी ही वायरिंग नवी करून घे. इथून गाडीला आग लागू शकते. गॅरेजच्या दारापाशी अग्निशामक सिलिंडर टांगून ठेव.

मिसिंग मारत असेल तर पॉईंटची फट फीलर गेजने बघ, सिंगल पॉईंटला 0.017 इंचाच्या आसपास. फायरिंगचा क्रम 1-8-4-3-6-5-7-2. तुझ्या 340 इंजिनाचा डिस्ट्रिब्युटर मागे असतो आणि रोटर घड्याळाच्या दिशेने फिरतो; क्रायस्लरच्याच मोठ्या 383 आणि 440 मध्ये तो पुढे असतो आणि उलटा फिरतो. वायरी लावताना शेजाऱ्याच्या गाडीकडे बघून लावू नकोस. टायमिंग लाइट लावताना व्हॅक्यूम ॲडव्हान्सची नळी काढून तिचं तोंड बंद कर. आणि पुलीवरच्या खुणेवर डोळे मिटून भरवसा ठेवू नकोस. पुलीमागच्या जड चकतीत दोन लोखंडांमध्ये रबर असतं, ते म्हातारं झालं की बाहेरचं कडं सरकतं आणि खूण खोटं बोलते. पहिला पिस्टन खरोखर वर आलाय का हे प्लगच्या भोकात पिस्टन स्टॉप घालून एकदा पडताळ.

इतकं सगळं ठीक निघालं तरच पेट्रोलकडे वळ. इंजिन बंद, एअर क्लीनर काढलेला. कार्ब्युरेटरच्या घशात बघत हाताने थ्रॉटल ओढ. दोन बारीक, सरळ धारा सुटल्या पाहिजेत. धार नसेल किंवा एकच असेल तर ॲक्सिलरेटर दाबताच गाडी अडखळणार. हल्लीच्या पेट्रोलमध्ये साधारण 10 टक्के इथेनॉल असतं. ते जुनं रबर कुजवतं आणि पाणी ओढतं. त्यामुळे टाकीपासून पंपापर्यंतच्या रबरी नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घाल.

गाडी गरम होते म्हणालास, पण कधी? सिग्नलला उभी असताना होत असेल तर पंखा, त्याचा क्लच किंवा पंख्याभोवतीचं कवच बघ, हवा कमी पडतेय. हायवेवर चढ्या वेगात होत असेल तर रेडिएटर आतून चोंदलाय किंवा खालची नळी ओढीने चपटी होतेय.

तेलाच्या बाबतीत दुकानदाराचं ऐकू नकोस. या इंजिनातल्या कॅमशाफ्टवर टॅपेट रोलरविना घासत चालतात, त्यांना तेलात झिंक लागतं. नव्या गाड्यांचे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जपण्यासाठी साध्या तेलांतलं ते प्रमाण कमी केलंय. डब्यावर जुन्या, फ्लॅट टॅपेट इंजिनांसाठी असं स्पष्ट लिहिलेलं तेलच घे.

चाक काढताना डावीकडे थांब. 1970 पर्यंतच्या क्रायस्लर गाड्यांना ड्रायव्हरच्या बाजूच्या चाकांचे आटे उलटे असतात. स्टडच्या तोंडावर कापड फिरव, ‘एल’ हे अक्षर कोरलेलं दिसेल. तिथे नट उजवीकडे फिरवला की सुटतो. एअर गनने उलट्या दिशेला जोर लावलास तर स्टड कापून हातात येतो. गाडी जॅकवर असताना खाली शिरायचं नाही, घोडीवर टेकवून, धक्का देऊन पाहूनच शिरायचं. आणि गॅरेजचं दार बंद ठेवून इंजिन चालवायचं नाही, थंडी कितीही असो.

थंडीवरून सांगतो, मिशिगनच्या रस्त्यावर मीठ पडलं की ही गाडी घरात. टाकी गळ्यापर्यंत भर, स्टॅबिलायझर घाल आणि ते कार्ब्युरेटरपर्यंत पोचेल इतकी गाडी चालवून आण. बॅटरीला मेंटेनर लाव. दर रविवारी पाच मिनिटं सुरू करून बंद करायची सवय लावून घेऊ नकोस. इंजिन पुरतं तापत नाही, तेलात आणि सायलेन्सरमध्ये पाणी साचून राहतं. वसंतात बाहेर काढताना आधी ब्रेक ऑइलचा रंग बघ. काळपट दिसलं किंवा दोन वर्षं होऊन गेली असली तर बदल. ऑगस्टात वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर ड्रीम क्रूझला न्यायची असेल तर जुलैतच मला हाक मार. त्या गर्दीत गाडी तासन्‌तास रांगते, तेव्हा पंख्याचा क्लच आधी आपण दोघं मिळून बघू.