तेरडा : गौरीचे वनरूप

भाद्रपद महिन्यात अनुराधा नक्षत्रावर ज्येष्ठागौरींचे आवाहन होते. कोकणात अनेक घरी तेरड्याची रोपे मुळांसह आणून गौर म्हणून पूजिली जातात. तेरड्याची मुळे म्हणजे गौरीची पावले, अशी श्रद्धा आहे.

तेरडा ही पावसाळ्यात उगवणारी वर्षायू वनस्पती होय. खोड मांसल व रसाळ, पाने लांबट व दंतुर कडांची, फुले गुलाबी, जांभळी, तांबडी वा पांढरी असतात. फुलामागील बारीक, वाकड्या शुंडिकेत मधुरस असतो.

लिनियस यांनी १७५३ मध्ये या वनस्पतीस ‘इम्पेशन्स बाल्सामिना’ हे शास्त्रीय नाव दिले. तिचे कुल बाल्सामिनेसी. ‘इम्पेशन्स’ म्हणजे उतावीळ. पक्व बोंडास स्पर्श होताच ते तडकते व बिया दूर उडतात. त्यावरून हे नाव पडले.

तेरड्याचे आयुष्य एकाच हंगामाचे असल्याने पुढील वर्षीची रोपे या बियांतूनच उगवतात. बी पडण्यापूर्वी सर्व रोपे उपटली गेल्यास ती जागा ओस पडते. यास्तव भाविकांनी पूजेपुरतीच रोपे घ्यावीत व उरलेली जागीच राखावीत. पुढच्या भाद्रपदातील गौर त्यांतूनच येणार आहे.