गुप्त उष्णता



चुलीवर पाण्याचे भांडे ठेविले म्हणजे पाणी तापत जाते, हे सांगावयास कोणी शास्त्रज्ञ लागत नाही. परंतु ते उकळू लागल्यावर पुढे काय होते, हे आपल्या शाळेतील मुलांस विचारून पाहावे. पुष्कळ मुले असे उत्तर देतील की, जाळ जसजसा वाढवावा तसतसे पाणी अधिकाधिक तापत जाते. कित्येक वडील माणसांचीही हीच समजूत असते, आणि म्हणूनच आधणास कढ आल्यावरही चुलीत लाकडे सारणे चालूच राहते. ही समजूत चुकीची आहे. उघड्या भांड्यातील पाणी समुद्रसपाटीजवळच्या गावी सुमारे १०० अंश सेल्सिअसवर उकळू लागते, आणि मग खाली कितीही जाळ केला तरी उष्णतामापकातील अंक वर चढत नाही. मग तो जाळ जातो कोठे? ह्याचे उत्तर देण्याचे आम्ही ह्या पाठात योजिले आहे. कारण ते ज्याने नीट समजून घेतले त्याचे सरपण वाचते, आणि त्याच्या घरची लेकरे वाफेच्या भयंकर पोळण्यापासून सुरक्षित राहतात.

ब्लॅक ह्यांचा प्रयोग

अठराव्या शतकात स्कॉटलंड देशातील ग्लासगो येथील विद्यापीठात जोसेफ ब्लॅक (१७२८–१७९९) नावाचे एक अध्यापक होते. त्या काळी विद्वानांचीही अशी कल्पना होती की, बर्फ वितळण्याच्या बेतास आले म्हणजे थोड्याशाच अधिक उष्णतेने त्याचे सगळे पाणी व्हावे. ब्लॅक ह्यांनी विचार केला की, असे असते तर वसंत ऋतूत ऊन पडताच डोंगरांवरील सारे बर्फ एकदम वितळून खालच्या प्रदेशात प्रचंड पूर आले असते. प्रत्यक्षात तर ते आठवडेच्या आठवडे हळूहळू वितळत राहते.

तेव्हा त्यांनी काचेचे दोन सारखे गोल घेतले. एकात बर्फ होते, ते ३२ अंश फॅरनहाइटवर. म्हणजे सेल्सिअसच्या शून्यावर. दुसऱ्यात तितकेच पाणी होते, ते ३३ अंश फॅरनहाइटपर्यंत थंड केलेले. दोन्ही गोल त्यांनी ४७ अंश उष्णतेच्या एका मोठ्या दालनात टांगून ठेविले. पाणी अर्ध्या तासात ४० अंशांवर आले. म्हणजे ते ७ अंश तापले. बर्फाच्या गोलास मात्र त्याच ४० अंशांवर येण्यास साडेदहा तास लागले.

आता हिशेब पाहा. साडेदहा तास म्हणजे २१ अर्धे तास. दालनातील हवा दर अर्ध्या तासास ७ अंशांइतकी उष्णता देत होती असे धरिले, तर बर्फास एकंदर १४७ अंशांइतकी उष्णता मिळाली. पण उष्णतामापकाने दाखविले केवळ ८ अंश. बाकीची सुमारे १४० अंशांइतकी उष्णता बर्फाचे पाणी करण्यात खर्च झाली, आणि उष्णतामापकास तिचा पत्ताही लागला नाही. आज अधिक बारकाईने मोजून हा आकडा १४४ ठरला आहे; इतक्या साध्या साधनांनी ब्लॅक सत्याच्या किती जवळ गेले होते हे ह्यावरून दिसते. १७६२ साली त्यांनी आपला शोध ग्लासगो येथील विद्वानांच्या मंडळापुढे मांडला. ह्या लपलेल्या उष्णतेस गुप्त उष्णता म्हणतात. हल्लीच्या शालेय पुस्तकांत तिला अप्रकट उष्मा असे नाव आहे.

ही उष्णता काय काम करिते?

पदार्थाचे अतिसूक्ष्म कण, ज्यांस रेणू म्हणतात, ते एकमेकांस धरून असतात. सामान्यतः उष्णता दिली म्हणजे रेणूंची हालचाल वाढते, आणि ती वाढ उष्णतामापक दाखवितो. परंतु बर्फाचे पाणी किंवा पाण्याची वाफ होत असता दिलेली उष्णता रेणूंची परस्परांवरील पकड सोडविण्यात खर्च होते. हालचाल वाढत नाही, म्हणून उष्णतामापक स्थिर राहतो.

एक ग्रॅम पाणी एक अंश सेल्सिअसने तापविण्यास जितकी उष्णता लागते तिला एक कॅलरी म्हणतात. एक ग्रॅम बर्फ नुसते वितळविण्यास ८० कॅलरी लागतात. एक ग्रॅम पाणी शून्यापासून १०० अंशांपर्यंत नेण्यास १०० कॅलरी पुरतात. पण त्याच उकळत्या पाण्याची वाफ करण्यास सुमारे ५४० कॅलरी खर्च होतात.

ही उष्णता नाहीशी झालेली नसते, हे विशेष ध्यानात ठेवावे. वाफेचे पुन्हा पाणी झाले की ती सर्व परत मिळते. ब्लॅक ह्यांचे स्नेही जेम्स वॉट हे त्याच विद्यापीठात यंत्रे दुरुस्त करीत. त्यांना आढळले की, पाण्याची वाफ करून ती थंड पाण्यात सोडिली, तर ती आपल्या वजनाच्या सुमारे सहापट पाण्यास उकळीपर्यंत नेते. त्यांस ह्याचे मोठे नवल वाटले, तेव्हा ब्लॅक ह्यांनी त्यांस कारण समजावून दिले. पुढे १७६५ साली वॉट ह्यांनी वाफ थंड करण्यासाठी वेगळे पात्र योजून वाफेच्या यंत्राचा पुष्कळ कोळसा वाचविला.

वर्गात करण्याजोगा प्रयोग

उष्णतामापक नसला तरी शिक्षकांस हा नियम मुलांस दाखविता येईल. एका उघड्या पातेल्यात आठ पेले पाणी मोजून घ्यावे व जाळ एकसारखा राहील अशा शेगडीवर ठेवावे. उकळी येण्यास किती मिनिटे लागली ते टिपून ठेवावे, आणि पुढे बरोबर तितकीच मिनिटे पाणी उकळू द्यावे. मग ते पूर्ण निवाल्यावर पुन्हा मोजावे. पहिले पाणी ३० अंशांचे असले तर प्रत्येक ग्रॅमास उकळीपर्यंत ७० कॅलरी लागल्या, आणि ७० हा ५४० चा सुमारे आठवा हिस्सा आहे. म्हणून तितक्याच जाळाने आठांपैकी जवळजवळ एकच पेला आटलेला दिसेल. काही उष्णता हवेत जाते, सबब थोडाफार फरक पडेल. विस्तवाचे काम शिक्षकांनी स्वतः करावे आणि मुलांस दूर बसवावे.

घरी उपयोग

पहिला उपयोग चुलीपाशी आहे. डाळ-तांदूळ शिजतात ते पाण्याच्या उष्णतेने, आणि ती उकळीच्या वर जात नाही. म्हणून कढ आल्यावर तो मोडणार नाही इतकाच जाळ ठेवावा आणि भांड्यावर झाकण घालावे. अधिक जाळाने अन्न लवकर शिजत नाही. पाणी मात्र लवकर आटते. प्रेशर कुकरात वाफ कोंडल्याने दाब वाढतो व पाणी सुमारे १२० अंशांपर्यंत तापते, म्हणून त्यात अन्न लवकर शिजते; तेथेही शिटी झाल्यावर जाळ कमी करणे हेच योग्य.

दुसरा उपयोग त्याहून महत्त्वाचा आहे. एक ग्रॅम उकळते पाणी अंगावर पडून शरीराच्या ३७ अंशांवर आले, तर ते ६३ कॅलरी देते. एक ग्रॅम वाफ अंगावर निवून पाणी झाली, तर ती सुमारे ६०३ कॅलरी देते, म्हणजे साडेनऊपट. म्हणून झाकण काढताना तोंड दूर ठेवावे, झाकणाची पलीकडची कड आधी उचलावी, आणि लहान मुलांस जवळ येऊ देऊ नये. पोळलेच, तर त्या भागावर थंड वाहते पाणी वीस मिनिटे सोडावे. बर्फ, शाई, हळद किंवा दंतमंजन लावू नये. पोळलेला भाग मोठा असला, किंवा तोंडास वा डोळ्यांस वाफ लागली असली, तर विलंब न करिता दवाखाना गाठावा.

तिसरा उपयोग गारव्याचा. पाणी न उकळताही वाळते, आणि वाळताना आपल्यास लागणारी उष्णता जवळच्या वस्तूतून घेते. माठात दहा लिटर पाणी असून त्यातील केवळ १०० ग्रॅम पाझरून वाळले, तर बाहेरून येणारी उष्णता वगळता उरलेले पाणी जवळजवळ ६ अंशांनी थंड होते. देशावरील कोरड्या उन्हाळ्यात माठ चांगला गार होतो. कोकणात पावसाळ्यात हवाच दमट असल्याने पाणी वाळत नाही, म्हणून माठही गार होत नाही. आपला घाम हेच काम करितो. उन्हात राबताना एखाद्याचे अंग फार तापून तो बरळू लागला किंवा बेशुद्ध झाला, तर त्यास सावलीत नेऊन अंग ओले करावे, वारा घालावा, आणि लागलीच १०८ क्रमांकावरून रुग्णवाहिका बोलवावी. नुसता ओलावा पुरत नाही. तो वाळावा म्हणून वारा हवा.

पाठावरील प्रश्न

१. उकळत्या पाण्याखाली जाळ वाढविला तर उष्णतामापक वर का चढत नाही?
२. ब्लॅक ह्यांच्या बर्फास मिळालेल्या १४७ अंशांपैकी किती दिसले व किती लपले?
३. उकळत्या पाण्याहून वाफ अधिक का पोळते?
४. माठास बाहेरून तेलाचा रंग दिला तर पाणी गार होईल काय? कारण सांगा.
५. आपल्या घरी कढ आल्यावर जाळ कमी करितात काय? ह्या आठवड्यात पाहून या.