गोठा आणि कोपी



ख्रिस्तसभेचे नवे वर्ष 1 जानेवारीला नव्हे, तर आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी सुरू होते. याच दिवसांत आपल्या भागात भीमा आणि घोड नदीकाठी ऊसतोड कामगारांच्या कोप्या उभ्या असतात. उचल घेतलेली असते, म्हणून दिवस भरत आलेली बाईही बीडहून तोडीला येते. मरिया-योसेफाचा प्रवास आपण गोठ्यात मांडतो; इथे तो फडाच्या कडेला चालू असतो.

आम्ही काय करावे, असे लोकांनी संत योहान बाप्तिस्ताला विचारले. त्याने उपवास सांगितला नाही. दोन अंगरखे असणाऱ्याने एक नसलेल्याला द्यावा, असे सांगितले (लूक 3:11). फाटका द्यावा, असे मात्र तो म्हणाला नाही! डिसेंबरची थंडी पाचटातून आत शिरते. नाताळचे कपडे शिवायला टाकण्याआधी जवळच्या कोपीवर एकदा जाऊन यावे.