सेवानिवृत्तीनंतरचे ताट : माजी सैनिक व त्यांच्या कुटुंबीयांसाठी मधुमेह-प्रतिबंधक आहार

सैन्यसेवेत शरीराला भरपूर श्रम असतात आणि त्या श्रमांच्या मानाने आहारही भरपूर असतो. पहाटेची पीटी, कवायत, गस्त आणि पाठीवर ओझे घेऊन केलेली चाल यांसाठी ती ऊर्जा आवश्यकच असते. अनेक जवान चाळिशीच्या आसपासच सेवानिवृत्त होतात. त्यानंतर श्रम एकाएकी कमी होतात, परंतु भूक आणि जेवणाची सवय मात्र पूर्वीसारखीच राहते. मधुमेहाचा धोका या तफावतीतून वाढतो. तो कमी करणे बऱ्याच अंशी आपल्या व आपल्या कुटुंबाच्या हाती आहे.

गरज किती कमी होते?

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशींनुसार ६५ किलो वजनाच्या पुरुषाला अतिश्रमाच्या कामात दररोज सुमारे ३,४७० किलोकॅलरी, मध्यम श्रमाच्या कामात २,७१० आणि बैठ्या कामात २,११० किलोकॅलरी ऊर्जा लागते. ५५ किलो वजनाच्या स्त्रीला बैठ्या कामात सुमारे १,६६० किलोकॅलरी पुरतात. मध्यम श्रमांवरून बैठ्या जीवनाकडे येताच पुरुषाची गरज ६०० किलोकॅलरींनी, म्हणजे सुमारे सहा पोळ्यांइतकी घटते.

अतिरिक्त ऊर्जा चरबीच्या रूपाने, विशेषतः पोटाभोवती साठते. ही चरबी इन्सुलिनच्या कार्यात अडथळा आणते आणि रक्तातील साखर हळूहळू वाढू लागते. म्हणून वजनाबरोबर कंबरेचा घेरही मोजावा. तो पुरुषांत ९० सेंटिमीटरपेक्षा व स्त्रियांत ८० सेंटिमीटरपेक्षा कमी असावा. जे निवृत्तीनंतर शेतात अंगमेहनत करतात त्यांची गरज अधिक असते. त्यांनी घेर व वजन पाहून आहार ठरवावा.

ताटाची मांडणी

• अर्धे ताट भाज्या व कोशिंबीर यांनी भरावे. बटाटा, रताळे, साबुदाणा यांची गणना भाजीत करू नये.
• पाव ताट डाळ, उसळ, राजमा, हरभरा, अंडी, मासे किंवा पनीर यांसाठी ठेवावे.
• उरलेल्या पाव ताटात धान्य घ्यावे : पंजाबात पोळी, बंगाल व केरळात भात, राजस्थानात बाजरीची भाकरी, कर्नाटकात नाचणी. आपल्या प्रदेशाचे अन्न सोडण्याचे कारण नाही. प्रमाण मात्र मोजावे. भात आणि पोळी दोन्ही घेतल्यास प्रत्येकाचे प्रमाण निम्मे करावे.
• फळ चावून खावे. रसात तंतू कमी राहतात आणि साखर लवकर रक्तात उतरते.
• तेल-तूप चमच्याने मोजून वापरावे. मीठ दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा, म्हणजे एका सपाट लहान चमच्यापेक्षा कमी असावे.

घरात ‘त्यांचे वेगळे’ जेवण करू नये. हा आहार सर्वांसाठीच हितकर आहे. आई किंवा वडील यांना मधुमेह असल्यास मुलांचाही धोका वाढतो.

चहा, रात्रपाळी आणि मद्य

दोन चमचे साखरेचे चार कप चहा म्हणजे दिवसाला सुमारे ४० ग्रॅम साखर. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते वरून घातलेली साखर सुमारे २५ ग्रॅमपेक्षा कमी ठेवणे अधिक हितकर आहे. दर आठवड्यास कपामागे अर्धा चमचा कमी केल्यास जिभेला सवय होते.

अनेक माजी सैनिक सुरक्षारक्षक म्हणून रात्रपाळी करतात. त्यांनी कामावर जाण्यापूर्वी जेवून घ्यावे आणि सोबत भाजलेले चणे, मोड आलेली कडधान्ये किंवा उकडलेले अंडे न्यावे. मध्यरात्री बिस्किटे व गोड चहा यांवर भूक भागवू नये.

कँटीनमधून मिळणारे मद्यही ऊर्जेच्या हिशेबात धरावे. रमच्या ६० मिलिलिटरच्या एका पेगमध्ये सुमारे १४० किलोकॅलरी असतात. तळलेला चखणा त्याहून वेगळा. मद्य टाळणे हेच उत्तम.

हालचाल

आठवड्यातून किमान १५० मिनिटे झपझप चालावे. दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम करावा. गुडघ्याला किंवा पाठीला जुनी दुखापत असल्यास सायकल, पोहणे अथवा बसून करावयाचे व्यायाम वैद्यकीय सल्ल्याने निवडावेत. मधुमेहपूर्व अवस्थेतील भारतीयांवर झालेल्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आहार व व्यायामातील बदलांमुळे मधुमेहाचा धोका सुमारे २८ टक्क्यांनी घटल्याचे आढळले.

तपासणी

मधुमेह अनेकदा कोणत्याही त्रासाशिवाय सुरू होतो. म्हणून लक्षणांची वाट पाहू नये. उपाशीपोटी रक्तातील साखर १०० मिलिग्रॅमपेक्षा कमी असल्यास ती सामान्य समजावी. १०० ते १२५ ही मधुमेहपूर्व अवस्था होय. १२६ किंवा अधिक आढळल्यास खात्रीसाठी पुन्हा तपासणी करून डॉक्टरांना भेटावे. वयाच्या ३० वर्षांपासून आयुष्मान आरोग्य मंदिरात तपासणीची सोय आहे. माजी सैनिक अंशदायी आरोग्य योजनेचे सदस्य व त्यांचे पात्र कुटुंबीय योजनेच्या पॉलिक्लिनिकमध्ये जाऊ शकतात.

फार तहान लागणे, वारंवार लघवी होणे, कारणाशिवाय वजन घटणे किंवा जखम लवकर न भरणे यांपैकी काही जाणवल्यास तपासणी लांबवू नये.

नेहमीचे प्रश्न

*साखरेऐवजी गूळ किंवा मध चालेल का?* नाही. दोन्हींमुळे रक्तातील साखर वाढते.

*सेवेत तंदुरुस्त होतो, तरीही धोका आहे का?* होय. पूर्वीच्या व्यायामाचा लाभ व्यायाम थांबल्यावर टिकत नाही.

*मधुमेहाची औषधे सुरू असताना जेवण कमी करावे का?* डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते. मूत्रपिंडाचा विकार असल्यास डाळी व इतर प्रथिनांचे प्रमाणही त्यांनाच विचारावे.

या आठवड्यात एवढे करावे : कंबरेचा घेर मोजून लिहून ठेवावा, रोजच्या जेवणातून एक पोळी कमी करून तिच्या जागी वाटीभर भाजी घ्यावी आणि घरातील ३० वर्षांवरील प्रत्येकाची साखर तपासून घ्यावी.